किती वाकलं की दिसतं?

बीम वाकतोच. स्लॅबचं वजन आलं, भिंत आली, माणसं आली की तो थोडा खाली उतरतो. हा बिघाड नव्हे. भार पेलण्याची त्याची ती रीतच आहे. अजिबात न वाकता भार घेईल असा बीम कुठल्याच पदार्थाचा बनवता येत नाही. म्हणून आमच्या कामात वाक आहे का, असं कुणी विचारत नाही. किती आहे, असं विचारतात. त्या ‘किती’ची कोडमध्ये, म्हणजे बांधकामाच्या लिखित नियमांत, जी उत्तरं दिलेली असतात, त्यांतलं एक मला फार जवळचं वाटतं: बघणाऱ्याला खटकणार नाही इतका.

स्ट्रक्चरल डिझाइनमधलं बरंचसं काम कुणाला कधी दिसत नाही. सळ्या काँक्रीटच्या पोटात गडप होतात, ताण कागदावर राहतात. घरात राहणाऱ्याला दिसतो तो फक्त बीमचा तळ. तो सरळ असेल तर आपल्या डोक्यावर काही टन काँक्रीट आहे हे माणूस विसरून जातो, आणि ते विसरता येणं हा घराचा मोठा गुण आहे. तोच तळ मधोमध उतरलेला दिसला की ते वजन त्याच्या ध्यानात येतं आणि ध्यानातून जात नाही. ‘छताला पोट आलंय’ असं घरातलं कुणीतरी म्हणतं आणि त्या दिवसापासून सगळ्यांची नजर वर जाऊ लागते. असा बीम मजबुतीच्या हिशेबात खणखणीत असू शकतो. त्याच्यावर आणखी बराच भार टाकला तरी तो मोडणार नाही. पण ‘घाबरू नका, सुरक्षित आहे’ एवढं सांगून इंजिनिअरला मोकळं होता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे हिशेबाची वही असते. त्या माणसाकडे पुरावा म्हणून फक्त त्याचे डोळे असतात.

आता आकडा. काँक्रीटसाठी बऱ्याच कोडमध्ये तो एकच आहे: स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, भागिले २५०. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकातलं कलम २३.२ सांगतं की सगळे भार, तापमान, क्रीप (काँक्रीटचं भाराखाली हळूहळू दबत जाणं) आणि काँक्रीटचं आकसणं हे सारं धरून अंतिम वाक स्पॅनच्या १/२५० पेक्षा सहसा जास्त नसावा. युरोकोड २ हा युरोपातला काँक्रीटचा कोड हीच मर्यादा देतो आणि कारणही उघड सांगतो: यापलीकडे वास्तूचं दिसणं आणि एकूण उपयोग बिघडू शकतो. जुन्या ब्रिटिश बीएस ८११० मध्येही वाक नजरेत भरण्याची सीमा तीच होती. म्हणजे ६ मीटरच्या स्पॅनला २४ मिमी, ८ मीटरला ३२ आणि १० मीटरला ४०.

या आकड्याच्या शेजारीच दुसरे आकडे उभे असतात आणि त्यांची नेहमी सरमिसळ होते. आयएस ४५६ म्हणतं की विटांच्या आडभिंती आणि फिनिशिंग झाल्यानंतर जो वाक येतो तो स्पॅनच्या १/३५० किंवा २० मिमी, यांतल्या लहान आकड्याच्या आत हवा. अमेरिकेच्या एसीआय ३१८ मध्ये नाजूक भिंती जोडल्यानंतरच्या वाकासाठी १/४८० आहे. या मर्यादा भिंतीला तडा जाऊ नये म्हणून आहेत. तडे जाऊ नयेत ही काळजी फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थॉमस ट्रेडगोल्ड या इंग्रज अभियंत्याने फुटामागे इंचाचा चाळिसावा भाग असा दंडक सांगितला होता, आणि तो बरोबर १/४८० भरतो. पण भिंतीला तडा केव्हा जातो आणि माणसाला वाक केव्हा दिसतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला भिंतीच्या पदार्थाचा आहे, दुसरा नजरेचा. पहिल्यात भिंत बांधून झाल्यानंतरची हालचालच मोजायची, दुसऱ्यात आजवरचा सगळा उतार, कारण डोळ्याला काय आधी झालं आणि काय नंतर, याच्याशी देणंघेणं नसतं.

मर्यादा थेट मिलिमीटरमध्ये न सांगता स्पॅनच्या प्रमाणात का सांगितली असेल? दोन टोकांना नुसत्या टेकलेल्या, सारखा भार असलेल्या बीमचा विचार करू. त्याच्या टोकाचा उतार हा मधला वाक भागिले स्पॅन, गुणिले ३.२ इतका येतो. वाक १/२५० असेल तर तो उतार होतो ७८ ला १, म्हणजे सुमारे पाऊण अंश. स्पॅन ४ मीटर असो की १२, तेवढाच. गुणोत्तर धरून ठेवलं की उतार धरून ठेवला जातो, आणि नजर वाकाची खोली मोजत नाही, तिला कोन कळतो. आडवी रेघ आणि उभी रेघ या दोन दिशांच्या बाबतीत तर माणसाचा डोळा विशेष तरबेज आहे. तिरक्या रेघेतला फरक त्याला तितका चटकन कळत नाही. भिंतीवरची तसबीर एका अंशाने कलली तरी खोलीत येणाऱ्याचा हात तिच्याकडे जातो. पाऊण अंश म्हणजे जवळजवळ त्याच उंबरठ्यावरचा कोन. म्हणून १/२५० हा आकडा मला मनमानी वाटत नाही. तो ढोबळ आहे, पण ज्या जागी तो आहे ती जागा बरोबर आहे.

ढोबळ का, ते डोळ्याच्या दुसऱ्या एका क्षमतेत आहे. दोन ठिपके वेगळे दिसायला निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकं अंतर लागतं. पण दोन रेघा एकमेकींच्या सरळ रेषेत आहेत की किंचित सरकलेल्या आहेत, हे ओळखताना तोच डोळा दहा विकलांच्याही (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आत जातो, म्हणजे त्याच्या कितीतरी पट बारीक. व्हर्निअर कॅलिपर वाचता येतो तो याच जोरावर. पाच मीटरवरून दहा विकला म्हणजे पाव मिलिमीटर. प्रयोगशाळेतल्या स्वच्छ रेघांवरची ही गोष्ट आहे, इमारतीत इतकं नेमकं कुणाला दिसत नाही. तरीही तिच्यातून जे निघतं ते माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म आहे: वाक एकटा असताना डोळा उदार असतो, शेजारी सरळ रेघ आली की तो फार कडक होतो.

मोठ्या रिकाम्या सभागृहात, पांढऱ्या छतावर, १० मीटरचा बीम ४० मिमी उतरलेला असतो आणि वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच बीमखाली काचेची लांब चौकट बसवा. चौकटीचा वरचा दांडा ॲल्युमिनिअमचा, कारखान्यातून आलेला, काटेकोर सरळ. बीमचा तळ आणि तो दांडा यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी राहते. ती पट्टी टोकाला १५ मिमी आणि मध्यावर ५ मिमी झाली की वाक फक्त १० मिमी असूनही बघणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. पट्टी निमुळती होताना दिसते, आणि ती कुठून कुठे निमुळती होते ते कुणीही बोट ठेवून सांगेल. इथे १/२५० पाळून काही साधत नाही. ६ मीटरच्या स्पॅनला १/३५० ची मर्यादाही १७ मिमी देते. चौकटीवरचा सांधा १० मिमीचा असेल तर कोड पूर्ण पाळूनही बीम काचेच्या डोक्यावर येऊन बसेल. सांधा किती ठेवायचा हे अशा ठिकाणी बीमच्या हिशेबातूनच ठरायला हवं, आणि चौकटीचा वरचा भाग सरकता हवा.

विटांचे थर, फरश्यांचे सांधे, क्लॅडिंगच्या (भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाच्या) आडव्या रेघा, छतातल्या दिव्यांची रांग या सगळ्या बीमच्या शेजारच्या सरळ रेघा आहेत. दिवे तर दुहेरी काम करतात. भिंतीला घासून जाणारा प्रकाश स्लॅबच्या तळावर पडला की साध्या उजेडात न दिसणारा चढउतार सावल्यांमध्ये उमटतो. आर्किटेक्टने तसा दिवा योजला आहे का, हे मी आता आधीच विचारते.

आणि बघणारा कुठे उभा आहे? समोरून पाहिलेला बीम आणि त्याच्या लांबीच्या दिशेने पाहिलेला बीम यांत फार फरक पडतो. सेंटरिंगचा मिस्त्री शटरिंगची, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याची, पाटी तपासताना एका टोकाशी वाकतो, एक डोळा मिटतो आणि पाटीच्या कडेवरून दुसऱ्या टोकाकडे बघतो. लांबी अशी आखडली जाते, वाक मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे तो ठळक दिसतो. दोरी न लावता नुसत्या नजरेने दोनतीन मिलिमीटरचा फरक सांगणारी माणसं मी पाहिली आहेत आणि लेव्हल लावून पडताळल्यावर ती बरोबर ठरलेली पाहिली आहेत. लांब व्हरांड्यातून चालणारा माणूस नकळत हेच करत असतो. इमारतीच्या पायथ्याशी उभं राहून वर बघणाराही दर्शनी स्लॅबची कड अशीच, लांबीतून बघतो. दर्शनी भागात खांबांमधले ४ मीटर आणि ९ मीटरचे गाळे आलटून पालटून असतील तर प्रत्येक बीम १/२५० मध्ये बसवला तरी एक १६ मिमी आणि दुसरा ३६ मिमी उतरेल, आणि एकसंध दिसायला हवी ती आडवी कड लाटेसारखी वरखाली होईल. गुणोत्तराचा नियम एकेका बीमसाठी आहे. कड सगळ्यांची मिळून एक असते.

हा प्रश्न काँक्रीटपेक्षा फार जुना आहे. अथेन्सच्या पार्थेनॉनचा चौथरा सपाट नाही. इ. स. पूर्व ४४७ मध्ये ज्याचं बांधकाम सुरू झालं त्या मंदिराच्या सुमारे ३१ मीटरच्या आखूड बाजूला मध्यभाग जवळजवळ ६० मिमी वर आहे आणि सुमारे ७० मीटरच्या लांब बाजूला जवळजवळ ११० मिमी. भागाकार केला तर १/५०० आणि १/६०० च्या आसपास येतो. रोमन वास्तुविद् व्हिट्रुव्हिअस सांगतो की चौथरा बिनचूक सपाट ठेवला तर तो मधे खोलगट दिसतो, म्हणून मध्याला उंची द्यावी. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून हा उंचवटा दिला असंही काही अभ्यासक मानतात. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. मला त्यात जे भावतं ते असं, की संगमरवराचा एकेक दगड त्या वाकाप्रमाणे घडवायचा म्हणजे किती कष्ट, आणि तरी त्या लोकांनी ते केलं.

आपण आज हे सेंटरिंगमध्ये करतो. बीमच्या शटरिंगचा मध्य आधीच थोडा वर उचलून ठेवायचा, याला कॅम्बर म्हणतात. बीम उतरला की तो सरळ रेषेच्या जवळ येतो. युरोकोड २ याला परवानगी देतो आणि वर उचलण्यालाही १/२५० ची मर्यादा घालतो. पण कॅम्बरवर भरवसा टाकून बीम सडपातळ करणं मला पटत नाही. एक तर आपण काढलेला वाक हा अंदाज असतो. काँक्रीटचा बीम कुठे किती तडकेल, तेवढा त्याचा ताठपणा घटतो, आणि ते आधी नेमकं सांगता येत नाही. अंदाजापेक्षा बीम कमी उतरला तर वरच्या बाजूला फुगवटा राहतो, आणि फुगलेली कडही डोळ्याला खुपतेच. दुसरं म्हणजे कॅम्बरने दिसणं सुधारतं, हालचाल कमी होत नाही. बीम जितका खाली यायचा तितका येतोच, म्हणून भिंतीच्या तड्यावर आणि काचेच्या सांध्यावर कॅम्बरचा काडीचाही उपयोग नाही. हे साइटवर पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

कॅन्टिलिव्हरची, म्हणजे एकाच टोकाला धरलेल्या आणि पुढे झेपावणाऱ्या बीमची, गोष्ट आणखी नाजूक. त्याला दुसरा आधार नसतो, त्यामुळे टोकाचा सगळा उतार एकाच दिशेला दिसतो. शिवाय आतला बीम आधारावर थोडा वळला की तेवढं कॅन्टिलिव्हरचं टोकही फिरतं. त्याचा स्वतःचा वाक कमी असूनही टोक झुकू शकतं. नुसत्या कॅन्टिलिव्हरचा वाक काढून हे वळण हिशेबात न घेणं ही नेहमीची उणीव आहे. गॅलरीचं टोक किंचित वर ठेवण्याचा जुन्या मिस्त्रींचा आग्रह मी मानते. फक्त फरशीचा पाण्याचा उतार त्या हिशेबाने वेगळा काढून द्यावा लागतो, नाहीतर पाणी घरात येतं.

काळाचा हिशेब या विषयात सगळ्यात जड. सेंटरिंग काढल्याबरोबर जो वाक येतो तो फक्त सुरुवात असते. कायमच्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं दबत राहतं, त्यालाच क्रीप म्हणतात. एसीआय ३१८ चा साधा गुणक बघा: कायमच्या भाराने जो तत्काळ वाक आला, त्यात तीन महिन्यांत आणखी तेवढाच, वर्षभरात १.४ पट आणि पाच वर्षांत दुप्पट वाक मिळवायचा. म्हणजे पहिल्या दिवशी १० मिमी असेल तर अखेरीला ३०. बीमच्या वरच्या, दाबाच्या बाजूला पुरेशा सळ्या असतील तर ही वाढ बरीच घटते. तिथे एक टक्का स्टील असेल तर दुपटीचं सव्वापट–दीडपटीच्या मधे येतं. घराचा ताबा देताना छत सरळ दिसतं आणि काही वर्षांनी पोट दिसू लागतं, ते यामुळे. तोवर इंजिनिअर, ठेकेदार सगळे निघून गेलेले असतात.

म्हणूनच टेकू कधी काढले यावर मी इतकी अडून बसते. कोवळ्या काँक्रीटवर लवकर भार आला की क्रीप जास्त होतो. वरच्या मजल्याचा ओला स्लॅब टेकूंमधून खालच्या स्लॅबवर बसतो, आणि तो भार कधी कधी इमारतीच्या पुढच्या आयुष्यातल्या नेहमीच्या भारापेक्षा मोठा असतो. त्या दिवशी पडलेले बारीक तडे नंतर भार उतरला तरी भरून येत नाहीत. बीमचा ताठपणा कायमचा कमी होतो. एवढा मोठा परिणाम ज्या कामाचा, त्याचा निर्णय पुष्कळदा पुढच्या मजल्याला प्रॉप कमी पडताहेत म्हणून घेतला जातो.

फ्रँक लॉइड राइट यांचं १९३० च्या दशकातलं फॉलिंगवॉटर हे अमेरिकेतलं घर जगभर नावाजलेलं आहे. ओढ्यावर झेपावणाऱ्या त्याच्या काँक्रीटच्या गच्च्या हाच त्याचा प्राण. सेंटरिंग काढताच मुख्य गच्चीचं टोक सुमारे ४५ मिमी उतरलं. मग ते उतरतच राहिलं, आणि साधारण साडेचार मीटरच्या कॅन्टिलिव्हरवर उतार कुठे कुठे १८० मिमीच्या घरात गेला, म्हणजे १/२५. वरच्या गच्चीचा भार खिडक्यांच्या पोलादी दांड्यांतून खालच्या गच्चीवर येत होता, हे पुढे तपासणीत स्पष्ट झालं. २००२ मध्ये पोस्ट-टेन्शनिंगच्या, म्हणजे ताणून बसवलेल्या पोलादी, केबल घालून उतरणं थांबवलं. गच्च्या पुन्हा सरळ करण्याचा हट्ट मात्र धरला नाही; सहा-सात दशकं त्या आकारात स्थिरावलेलं काँक्रीट आणि काच ओढून जागेवर आणणं जोखमीचं होतं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. पण बीम आणखी थोडा ताठ असता तर त्या घराला हा निर्णय घ्यावाच लागला नसता, हेही तितकंच खरं.

ताठपणा येतो कुठून? बऱ्याच अंशी डेप्थमधून, म्हणजे बीमच्या उभ्या मापातून. वाक डेप्थच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. ४५० मिमीचा बीम ५०० केला तर वाक पाव हिश्श्याहून थोडा जास्तच कमी होतो. उलट स्पॅन ६ चा ७ मीटर केला आणि बाकी काही बदललं नाही, तर वाक सुमारे १.८५ पट होतो, कारण तिथे चौथा घात आहे. जास्त ताकदीच्या सळ्या आल्या, कमी स्टीलमध्ये मजबुती मिळू लागली, बीम बारीक करता येऊ लागले. पण स्टीलचा ताठपणा त्याच्या ताकदीबरोबर वाढत नाही. कमी स्टील आणि त्यात जास्त ताण, म्हणजे जास्त तडे आणि जास्त वाक. आयएस ४५६ चे सुरुवातीचे ठोकताळे, म्हणजे साध्या बीमला स्पॅनच्या विसाव्या भागाइतकी डेप्थ, अनेक आधारांवरून जाणाऱ्या सलग बीमला सव्विसावा भाग, कॅन्टिलिव्हरला सातवा, हे १० मीटरपर्यंतच्या स्पॅनसाठी आहेत आणि स्टीलच्या प्रमाणानुसार बदलतात. त्यांना अखेरचं उत्तर समजून थांबणं लांब स्पॅनला महागात पडतं.

डेप्थ म्हटली की आर्किटेक्टशी बोलणं आलं. त्यांना छताखाली मोकळी उंची हवी असते, मला बीमला डेप्थ हवी असते. हे बोलणं नकाशा पक्का होण्याआधी झालं तर दोघांच्याही मनासारखं होऊ शकतं. एखादा खांब थोडा सरकतो किंवा बीम भिंतीच्या रेषेत लपतो. नंतर झालं तर उरतो फॉल्स सीलिंगचा उपाय. फॉल्स सीलिंगबद्दल मला राग नाही. त्याच्या वर १/२५० पर्यंतचा वाक असला तरी डोळ्याला त्रास नाही, मग तिथे नजरेसाठी मर्यादा आवळून डेप्थ उधळण्यात अर्थ नाही. युरोपातल्या कोडमध्ये दिसण्याचा वाक काढताना पूर्ण गर्दीचा भार न धरता राहत्या घराच्या वापरभाराचा ३० टक्केच धरतात, तेही मला पटतं. समारंभाच्या दिवशी बीम दोनतीन मिलिमीटर जास्त उतरला आणि पाहुणे गेल्यावर पुन्हा वर आला, तर ते कुणाला दिसत नाही. दिसतो तो रोजचा, ठाण मांडून बसलेला वाक.

उघड्या काँक्रीटच्या छताला, लांब खिडकीवरच्या बीमला आणि दर्शनी कडेला मात्र मी १/२५० वर थांबत नाही. तिथे शेजारची रेघ कोणती आणि ती किती फरक लपवू शकेल हे आधी ठरवते आणि त्यावरून वाक मिलिमीटरमध्ये बांधते. पुष्कळदा तो १० ते १५ मिमीच्या आत येतो. ती मर्यादा आणि टेकू काढायची तारीख मी हिशेबाच्या वहीत न ठेवता ड्रॉइंगवर लिहिते, त्या बीमच्या अगदी शेजारी, कारण खिडकी बसवणारा आणि सेंटरिंगचा मिस्त्री वही उघडत नाहीत, ड्रॉइंग उघडतात.